इटलीला शिकायला निघालात? तिथल्या इटालियनच्या इंटेन्सिव्ह कोर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलोन्यात मास्टर्स करून परत आले त्याला आता काही वर्षं झाली, पण जून उजाडला की मेसेज सुरू होतात. "ताई, एक विचारायचं होतं" अशी सुरुवात असते आणि मग एकाचे अकरा प्रश्न निघतात. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळले, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते. इटालियनचा एक शब्दही येत नाही, इटलीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे आणि सप्टेंबरच्या आसपास विमानात बसायचं आहे, अशा मुलामुलींसाठी हे पान आहे.

माझा कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे. मग इटालियन कशाला?

लेक्चर हॉलच्या आत नाही लागणार. दाराबाहेर पडलात की लगेच लागेल.

इटलीत पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो', म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तो अर्ज पोस्टातून जातो. पोस्टात जाऊन जाडजूड लिफाफा मागायचा, इटालियनमधले फॉर्म भरायचे, १६ युरोचं मुद्रांक तिकीट चिकटवायचं, मग काउंटरवरची बाई जे काही भराभर बोलेल त्यावर मान डोलवायची. पुढे बोटांचे ठसे द्यायला 'क्वेस्तूरा'त, म्हणजे पोलीस मुख्यालयात जायचं. यातल्या कुठल्याच खिडकीवर इंग्रजी मिळेल याची खात्री धरू नका. भाड्याची खोली, डॉक्टर, सिमकार्ड, रद्द झालेली ट्रेन यांचंही तसंच. मिलानच्या मध्यवस्तीत इंग्रजीवर निभावतं. पाव्हिया, पेरूजा किंवा मेस्सीनात नाही निभावत.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा. तुमची पदवी इटालियन माध्यमातली असेल तर सहसा बी-२ पातळी मागतात. (युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मोजतात: ए-१ सगळ्यात खालची, मग ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सगळ्यात वर सी-२.) तिथे नवशिक्यांच्या चार आठवड्यांनी भागणार नाही, तुम्हाला आधी वर्षभर तयारी लागेल.

'इंटेन्सिव्ह' म्हणजे नक्की किती? आणि हे कोर्स चालवतं कोण?

साधारण हिशोब असा: रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, तीन ते चार आठवडे. म्हणजे साठ ते ऐंशी तास. हाच अभ्यासक्रम सेमिस्टरसोबत केला तर आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास, असा चार-पाच महिने पुरतो.

बहुतेक मोठ्या विद्यापीठांचं स्वतःचं भाषा केंद्र असतं, 'चेंत्रो लिंग्विस्तिको दि आतेनेओ'. सगळे त्याला नुसतं सीएलए म्हणतात. प्रवेश घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना तिथे बऱ्याचदा फुकट किंवा नाममात्र फीमध्ये शिकवतात. त्यामुळे पहिली चौकशी तिथेच करा. नावनोंदणीचा अर्ज बहुधा ऑनलाइन असतो, जागा मोजक्या असतात आणि मुदत व्हिसा हातात यायच्या आधीच संपू शकते. व्हिसाची वाट बघत बसू नका, अर्ज टाकून ठेवा.

खास परदेशी लोकांना इटालियन शिकवणारी विद्यापीठंही आहेत. पेरूजातल्या विद्यापीठाची मुळं १९२१ मध्ये सुरू झालेल्या वर्गांत आहेत. पालात्सो गाल्लेंगा या अठराव्या शतकातल्या वाड्यात ते भरतं. दुसरं सिएनात. शिवाय इटालियन भाषेच्या प्रसारासाठी १८८९ मध्ये स्थापन झालेली दांते अलिगिएरी संस्था आहे, आणि गल्लोगल्ली खासगी शाळा आहेत. खासगी शाळा आठवड्यागणिक फी लावतात आणि ती परवडतेच असं नाही. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याने सीएलए सोडून तिकडे वळायचं कारण नाही.

सप्टेंबरमध्येच करावा का? सेमिस्टर सुरू झाल्यावर सावकाश केला तर?

सप्टेंबरमध्येच करा. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

लेक्चर्स सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. त्याआधीचे काही आठवडे तुमचे असतात. एकदा इंग्रजी लेक्चर्स, असाइनमेंट आणि ग्रुप प्रोजेक्ट सुरू झाले की संध्याकाळी सहा वाजता क्रियापदं चालवायला कुणाचा जीव राहात नाही. माझ्या ओळखीतली निम्मी मुलं सेमिस्टरच्या बॅचमध्ये तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनाशी झाली. दोन वर्षं इटलीत राहून 'ग्रात्सिये' आणि 'चाओ' एवढ्यावर परत आलेले इंजिनिअर मी पाहिले आहेत. मुलं हुशार होती, त्यांनी फक्त तो पहिला महिना घालवला.

१५ ऑगस्टला 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते. त्याच्या मागेपुढे सगळा देश समुद्रावर असतो. ऑफिसं बंद, घरमालक गावाला. म्हणून ऑगस्टअखेर किंवा १ सप्टेंबरच्या सुमारास पोचा. माझा व्हिसा उशिरा आला आणि कोर्सचे पहिले चार दिवस बुडले. ते चार दिवस भरून काढायला मला पुढचे तीन आठवडे पुरले नाहीत. तारीख पूर्णच हुकली तर निराश होऊ नका, पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या सेमिस्टरच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, पुन्हा बॅच निघते.

पहिल्या दिवशी काय होतं?

एक चाचणी होते. तिला 'तेस्त दि प्यात्सामेंतो' म्हणतात. कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवण्यासाठी. काहीच येत नसेल तर कोरा कागद द्या, किंवा केंद्राने तशी सोय दिली असेल तर "मी अगदीच नवा आहे" अशी टीप टाका. ॲपवर शिकलेल्या दहा वाक्यांच्या जोरावर वरच्या वर्गात शिरू नका. तिथे शेजारी स्पॅनिश मुलं बसलेली असतील आणि ती पहिल्या दिवसापासून पोपटासारखी बोलत असतील. त्यांची भाषा इटालियनची सख्खी बहीण आहे, त्यांच्याशी बरोबरी करून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही.

मग नाव सांगायचं. इथे मराठी आडनावांची गंमत होते. इटालियनमध्ये 'सी' पुढे 'एच' आला की उच्चार 'क' होतो. त्यामुळे चव्हाणांचे 'कावान' होतात आणि चितळ्यांचे 'कीताले'. गीते आडनावाचा एक जण 'जीते' झाला, आणि वर्ग हसला, कारण 'जीते' म्हणजे सहली. जाधवांच्या सुरुवातीच्या 'जे'चा बहुधा 'य' होतो.

म्हणून पहिल्या आठवड्यातच आपलं नाव अक्षर-अक्षर सांगायला शिका. इटालियन लोक ते गावांच्या नावांनी सांगतात: आंकोनातला 'ए', बोलोन्यातला 'बी', दोमोदोस्सोलातला 'डी'. फोनवर कुलकर्णी सांगायचं तर असं: काप्पा (हे गाव नव्हे, 'के' अक्षराचं इटालियन नाव), ऊदिने, लिव्होर्नो, काप्पा, आंकोना, रोमा, नापोली, ईमोला. मी हे आंघोळ करताना पाठ केलं. पुढे 'कोदिचे फिस्काले', म्हणजे त्यांचा कर क्रमांक काढताना, बँकेत, दवाखान्यात, हेच कामाला आलं. हा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक तुमच्या आडनावातल्या आणि नावातल्या व्यंजनांपासून, जन्मतारखेपासून आणि जन्मस्थानापासून बनतो. बाईचा असेल तर जन्मदिवसात ४० मिळवतात, म्हणून माझ्या क्रमांकात मी ५१ तारखेला जन्मले. शेवटाकडे 'झेड २२२' दिसलं की माणूस भारतात जन्मलेला. नावाच्या स्पेलिंगमध्ये पासपोर्टपेक्षा एक अक्षर इकडेतिकडे झालं तर तो क्रमांक चुकीचा निघतो आणि मग फेऱ्या सुरू होतात.

मराठी माणसाला इटालियन अवघड जाते का?

इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपी जाते, पण एका अटीवर. मध्ये इंग्रजी आणायची नाही. आपण काय करतो? मराठीत सुचलेलं आधी इंग्रजीत नेतो आणि तिथून इटालियनमध्ये. हा वळसा काढून टाकला की निम्मी भाषा ओळखीची वाटायला लागते.

उच्चारांपासून बघा. इटालियन 'टी' आणि 'डी' हे आपले त आणि द आहेत, ट आणि ड नव्हेत. अमेरिकन मुलांना ते जन्मभर जमत नाहीत, आपल्याला शिकवावेही लागत नाहीत. पित्सातला 'त्स' म्हणजे 'चमचा' शब्दातला च. 'द्झेरो' म्हणजे शून्य, त्यातला पहिला आवाज 'जरा' मधला ज. आणि 'चेना' (रात्रीचं जेवण) मधला च 'चेंडू'तला, 'जेलातो'मधला ज 'जेवण'मधला. म्हणजे चचे दोन उच्चार आणि जचे दोन उच्चार आपण लहानपणापासून करतो आहोत, फक्त कधी लक्ष दिलं नाही. हिंदी भाषकांनाही हे इतक्या सहज जमत नाही.

जोडाक्षरांचंही तेच. 'कासा' म्हणजे घर आणि 'कास्सा' म्हणजे पैसे भरायची खिडकी. 'कापेल्ली' केस, 'काप्पेल्ली' टोप्या. मका आणि मक्का यांत गल्लत न करणाऱ्याला हे काय अवघड आहे?

खरी मजा व्याकरणात आहे. बाई म्हणते 'सोनो आंदाता', पुरुष म्हणतो 'सोनो आंदातो'. मी गेले, मी गेलो. आमच्या वर्गात हे फळ्यावर आलं तेव्हा डच आणि कोरियन मुलांनी कपाळाला हात लावला. जाणाऱ्या माणसाप्रमाणे क्रियापद कशाला बदलायचं? मी मात्र पहिल्या फटक्यात सगळे गाळलेले शब्द भरून बसले. बाईंनी विचारलं, आधी शिकली होतीस का? म्हटलं, आमच्याकडे असंच आहे. मग त्यांनी मला मराठीतली दोन वाक्यं फळ्यावर लिहायला लावली. देवनागरी पाहून वर्ग पाच मिनिटं खुळावला होता.

पुढे 'मी प्याचे'. यातला 'मी' आपला मी नव्हे, तो 'मला' आहे. 'मी प्याचे इल लिब्रो' म्हणजे मला पुस्तक आवडतं. पुस्तकं अनेक झाली की 'मी प्याच्चोनो ई लिब्री', मला पुस्तकं आवडतात. आवडणारी वस्तू कर्ता, आवडणारा माणूस 'ला' लावून बाजूला. इंग्रजीच्या 'आय लाइक'मधून गेलात तर इथे हमखास आपटता.

मी आपटले ते असंच. खोलीत उकडत होतं, म्हणून हात वर करून मी म्हटलं, 'सोनो काल्दा'. इंग्रजीतलं 'आय ॲम हॉट' शब्दाला शब्द. बाईंनी खडू खाली ठेवला, हसू दाबलं आणि फळ्यावर लिहिलं, 'ओ काल्दो'. माझ्या वाक्याचा अर्थ भलताच निघत होता, कसा तो विचारू नका. शब्दशः पाहिलं तर 'ओ काल्दो' म्हणजे माझ्याकडे उष्मा आहे. तसंच 'ओ फामे' भूक, 'ओ सेते' तहान, 'ओ सोन्नो' झोप, 'ओ फ्रेत्ता' घाई. आता मराठीत ऐका: मला भूक लागली, तहान लागली, झोप आली, घाई आहे. आपल्याकडेही भूक हे नाम आहे. 'मी भुकेला आहे' असं आपण नाटकात म्हणतो, घरात नाही.

आकडे कसे पाठ करायचे?

सहा सेई, सात सेत्ते, आठ ओत्तो, नऊ नोव्हे. झालेच पाठ. संस्कृत सप्तचा प्राकृतात सत्त झाला आणि मग आपला सात. लॅटिन सेप्तेमचा इटालियनमध्ये सेत्ते झाला. अष्टचा अट्ठ, ओक्तोचा ओत्तो. दोन्हीकडे जोडाक्षर सारखंच घासून गुळगुळीत झालं.

हे साम्य फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो सास्सेत्ती नावाच्या व्यापाऱ्याला १५८० च्या दशकातच जाणवलं होतं. मिऱ्यांच्या व्यापारासाठी तो भारतात आला होता आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. घरी पाठवलेल्या पत्रांत त्याने लिहून ठेवलं की इथल्या शास्त्रांच्या भाषेत सहा, सात, आठ, नऊ, देव आणि सर्प हे शब्द आमच्यासारखेच आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध भाषणाच्या दोनशे वर्षं आधी. शाळेत आम्हाला जोन्स शिकवला, सास्सेत्तीचं नाव मी इटलीत ऐकलं.

वीसच्या पुढे मात्र सांभाळा. आपण एकवीस म्हणतो, म्हणजे एक आधी. ते 'व्हेंतूनो' म्हणतात, वीस आधी. बाजारात सुट्टे पैसे घेताना मी पहिला महिनाभर गोंधळत होते.

मग मराठी मुलं चुकतात कुठे?

उपपदांत, म्हणजे इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'सारख्या शब्दांत. आपल्याकडे ती नाहीतच, आणि त्यांच्याकडे नुसती निश्चित उपपदंच सात: इल, लो, ला, ल', ई, ल्यी, ले. 'इल लिब्रो' पण 'लो स्तुदेंते', कारण पुढे स आणि व्यंजन एकत्र आले. अनेकवचनात तो 'ल्यी स्तुदेंती' होतो. वर ही उपपदं शब्दयोगी अव्ययांना चिकटतात: 'इन' आणि 'इल' मिळून 'नेल'. याला पाठांतराशिवाय इलाज नाही. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर देवः देवौ देवाः म्हणत कसं डोलायचात ते आठवा आणि तसंच पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो म्हणा. मोठ्याने. रूममेट चिडला तर चिडू दे.

लिंगांतही घोळ होतो. आपली तीन, त्यांची दोन. टेबल आपल्याकडे ते, तिथे तो. 'मानो' (हात) शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी, 'प्रोब्लेमा' शेवटी आ असूनही पुल्लिंगी.

वय सांगताना आपण 'मी बावीस वर्षांचा आहे' म्हणतो, तिथे वर्षं 'असतात': 'ओ व्हेंतिदुए आन्नी'. इथे मराठी दगा देते.

आणि आदरार्थी बोलणं. तू म्हणजे 'तू', हा शब्द हुबेहूब तोच. 'तुम्ही' म्हणायला मात्र 'लेई' वापरतात. त्याचा मूळ अर्थ 'ती', आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. पुरुष प्राध्यापकांनाही लेईच. आपण सवयीने अनेकवचन लावायला जातो आणि फसतो. शिवाय पाठीमागे बोलताना 'सर आले' हा मान इटालियनमध्ये नाही. सर 'आला' असंच म्हणावं लागतं. सुरुवातीला जीभ अडखळते.

चार आठवड्यांनी मला काय येईल?

ए-१ पूर्ण, नशीब आणि मेहनत असेल तर ए-२ चा उंबरठा. म्हणजे स्वतःबद्दल सांगता येतं, वेळ-किंमत-पत्ता विचारता येतो, काल काय केलं ते मोडकंतोडकं सांगता येतं, आणि स्टेशनवरच्या घोषणेतले 'बिनारिओ' (फलाट), 'रितार्दो' (उशीर) आणि 'शोपेरो' (संप) हे शब्द पकडता येतात. शेवटचा फार महत्त्वाचा. इटलीत रेल्वेचे संप आधी तारीख जाहीर करून होतात, बातमी वाचता आली तर दिवस वाचतो.

राजकारणावर गप्पा, सिनेमा सबटायटलशिवाय, प्राध्यापकांचे विनोद हे काही येणार नाही. कोणी 'तीस दिवसांत अस्खलित' म्हणत असेल तर त्याला फी देऊ नका.

परीक्षा असते का? प्रमाणपत्राचा उपयोग काय? क्रेडिट मिळतात का?

बहुतेक केंद्रांत शेवटी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशी छोटी परीक्षा असते. इटलीत एरवी परीक्षेला तीसपैकी गुण असतात आणि अठराला पास, पण भाषेला बऱ्याचदा नुसतं 'इदोनेइता' मिळतं, म्हणजे पात्र किंवा अपात्र.

क्रेडिटचं प्रत्येक विभागाचं वेगळं. तिथे एक क्रेडिट म्हणजे एकूण २५ तासांचा अभ्यास, आणि मास्टर्सची १२० क्रेडिट. काही विभाग इटालियनची क्रेडिट त्यात धरतात, काही जादाची म्हणून नोंदवतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. तुमच्या कोर्सच्या समन्वयकांना ईमेल करून लेखी विचारा. सीनिअरने सांगितलं म्हणून गृहीत धरू नका, मीही सीनिअरच आहे.

विद्यापीठाचं प्रमाणपत्र विद्यापीठापुरतं ठीक. बाहेर दाखवायला मान्यताप्राप्त परीक्षा वेगळ्या: पेरूजाची चेली, सिएनाची चिल्स, दांते अलिगिएरीची प्लिदा, रोममधल्या रोमा त्रे विद्यापीठाची चेर्त. आज त्यांची घाई नको. पुढे दीर्घकालीन वास्तव्याच्या परवान्याला ए-२ आणि २०१८ पासून नागरिकत्वाला बी-१ लागतं, तेव्हा बघा.

निघण्याआधी महाराष्ट्रात बसून काय करू?

पुण्यात जर्मन, फ्रेंच, जपानीचे क्लास पावलोपावली आहेत, इटालियनचे मोजके. मुंबईत इटालियन सांस्कृतिक संस्था आहे, तिच्या वर्गांची चौकशी करा. नाही जमलं तरी बिघडत नाही. एवढं करा: वाचायचे नियम शिका (दोन दिवसांचं काम, इटालियन जसं लिहितात तसंच बोलतात), शंभरपर्यंत आकडे, 'असणे' आणि 'जवळ असणे' ही दोन क्रियापदं, आणि ही तीन वाक्यं. 'नोन ओ कापीतो', समजलं नाही. 'प्यू प्यानो, पेर फावोरे', जरा हळू. 'कोमे सी दीचे?', याला काय म्हणतात?

ॲपवर होणार नाही का?

शब्द होतील. पोस्टातली बाई ॲपमधल्या बाईसारखी सावकाश बोलत नाही.

कुठल्या शहरात उच्चार शुद्ध मिळतात?

प्रमाण इटालियन मुख्यतः फ्लॉरेन्सच्या साहित्यिक भाषेवर उभी आहे, आणि भाषेची राखण करणारी क्रुस्का अकादमीही तिथलीच, १५८३ ची. पण खुद्द फ्लॉरेन्सचा रिक्षावाला म्हणाल (तिथे रिक्षा नसते, कल्पना करा) तर तो दोन स्वरांमधल्या कचा ह करतो. 'ला कासा'चं 'ला हासा'. कोका-कोलावरून तर त्यांची सगळा देश टिंगल करतो. नेपल्समध्ये शब्दांचे शेवट गिळतात. व्हेनिसच्या आसपासच्या व्हेनेतो प्रांतात घरोघरी व्हेनेतो नावाचीच बोली बोलतात. कोल्हापूर, नागपूर आणि मालवणची मराठी जशी वेगळी, तसंच हे. तुमचं विद्यापीठ जिथे आहे तिथली सवय कानाला लावून घ्या. वर्गात प्रमाण शिकवतात, बेकरीत जे ऐकू येतं ते वरचं उत्पन्न.

मी शाकाहारी आहे. कोर्समध्ये त्याचं काही शिकवतात का?

जेवणाचा धडा दुसऱ्या आठवड्यात येतोच. तिथे हे विचारून घ्या. 'सोनो व्हेजेतारियाना', मुलगा असेल तर 'व्हेजेतारियानो'. पण एवढ्यावर थांबू नका, कारण समोरचा मनापासून मान डोलावून हॅमचे तुकडे घातलेला पास्ता आणून ठेवेल. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा प्रोशुत्तो, सेंत्सा पेशे' अशी यादीच म्हणा. 'सेंत्सा' म्हणजे शिवाय; कार्ने मांस, प्रोशुत्तो हॅम, पेशे मासे. रिझोत्तो असेल तर 'ब्रोदो' कशाचा आहे ते विचारा, भात पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. अंडं 'वोव्हो', अनेक झाली की 'वोव्हा', आणि ती एकवचनात पुल्लिंगी, अनेकवचनात स्त्रीलिंगी असतात. आणि घरी कडक पाळत असाल तर ऐकून ठेवा: पार्मिजानो रेज्जानो चीज करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

वर्गात तोंडच उघडत नाही. काय करू?

आपल्याकडे चुकलो तर हसतील ही भीती शाळेपासून मुरलेली असते. तिथे शेजारचा तुर्की मुलगा चार चुका करत बिनधास्त बोलतो आणि महिनाअखेरीस तुमच्या पुढे जातो. मी एक युक्ती केली होती. रोज वर्गाआधी एकाच बारमध्ये (बार म्हणजे कॉफीचं दुकान, घरी आधीच सांगून ठेवा) उभ्याने 'उन काफ्फे' घ्यायची आणि काउंटरवरच्या आजोबांशी एक नवं वाक्य बोलायचं. पहिल्या दिवशी हवामान, दुसऱ्या दिवशी माझं गाव. आजोबा चूक दुरुस्त केल्याशिवाय कप द्यायचे नाहीत. एक युरोच्या आसपास इतकी चांगली शिकवणी पुन्हा मिळाली नाही.

पाच मराठी मुलांनी मिळून फ्लॅट घेतला तर चालेल?

पोहे चांगले होतील. इटालियन होणार नाही. निदान एक खोली तरी इटालियन मुलामुलीला द्या. स्वयंपाकघरात 'पादेल्ला' (तवा) कोणी घासायचा यावरून जी भाषा येते ती कुठल्याही पुस्तकात नाही.

आई विचारतेय, कोर्स झाल्यावर घरमालकाशी भांडता येईल का?

काकूंना सांगा, भांडण बी-१ ला येतं. माझ्या पहिल्या खोलीच्या मालकाने निघताना 'कापार्रा', म्हणजे डिपॉझिट, परत द्यायला टाळाटाळ केली. माझ्याकडे फक्त ए-१ होतं. भिंतीला एक खिळ्याचं भोक होतं आणि ते माझ्या आधीचं आहे हे सांगायला लागणारा भूतकाळाचा भूतकाळ मला अजून शिकवला नव्हता. शेवटी करार उघडला, कलमावर बोट ठेवलं आणि येत होते तेवढे दोन शब्द म्हटले, 'लेज्जा क्वी', इथे वाचा. अर्धे पैसे मिळाले. खोली घेतानाच प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून द्या, त्याला व्याकरण लागत नाही.